रायझरवर कोण बसणार?

"अन् पाय कुणीकडं येतेत?" रूपालीनं विचारलं.

ती प्लायवूडच्या एका कच्च्या मंचावर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. तिच्या पायाखाली मीच एक स्टूल सरकवलं होतं. रिक्लायनर उघडला की पाय असे वर येतात, हे दाखवायला. तिच्या पुढं, खालच्या रांगेत, सलीम मिस्त्री डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळून बसला होता. तो तेवढ्यापुरता या घरातला म्हातारा झाला होता. रूपालीच्या पायांचे तळवे बरोबर त्या टॉवेलच्या मागं, दीड-दोन हातांवर होते.

"पाय समोर येणार," मी म्हटलं. "पडद्याकडं."

"पडद्याकडं न्हाई म्याडम. अण्णाच्या डोक्याकडं." असं म्हणून तिनं पाय खाली ओढले, साडी सारखी केली आणि मंचावरून उतरलीच.

भिंतीला टेकून उभे असलेले घरमालक विलासराव सरळ झाले. त्यांची बायको सुमनताई दारात होत्या, त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. सलीमनं डोक्याचा टॉवेल सोडला आणि त्यानंच तोंड पुसलं. मी मनात म्हटलं, झालं. गेला प्लॅन.

मी इंटिरियरची कामं करते. ऑफिस परभणीत. बंगल्यांची, दवाखान्यांची, एकदा तर मंगल कार्यालयाचंही काम केलं. हॉल, किचन, मॉड्युलर कपाटं, फॉल्स सिलिंग हे रोजचं. होम थिएटर हे गेल्या काही वर्षांतलं खूळ. पहिल्यांदा डॉक्टरांच्या घरी आलं, मग बिल्डरांच्या, आता खत-बियाणांची मोठी दुकानं असलेल्यांच्याही. हे घर पाथरीचं. विलासरावांचं कृषी सेवा केंद्र आहे, आणि गावाकडं शेती. धाकटा भाऊ नोकरीला पुण्यात असतो, त्याची बायको रूपाली इथंच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पोरंबाळं धरून सगळे एकत्र राहतात. आणि विलासरावांचे वडील, अण्णा.

होम थिएटरमध्ये दोन रांगा करायच्या असतील तर मागची रांग उंच घ्यावी लागते. नाहीतर मागच्याला पडद्याऐवजी पुढच्याचं डोकं दिसतं. या उंच मंचाला रायझर म्हणतात. लाकडाची नाहीतर लोखंडी चौकट करायची, तिच्या पोटात रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारा कापसासारखा थर, भरायचं, वर प्लाय ठोकून गालिचा घालायचा. पोकळ ठेवला तर सिनेमातला प्रत्येक धमाका त्याच्यात ढोल वाजवल्यासारखा घुमतो. उंची किती, हे ठरवायची पद्धत साधी आहे. मागच्या माणसाच्या डोळ्यापासून पडद्याच्या खालच्या कडेपर्यंत दोरी ताणायची. ती पुढच्याच्या डोक्याला न लागता गेली पाहिजे. बहुतेक ठिकाणी फूटभर उंची पुरते.

इथं पुरली नाही. कारण पुस्तकात डोळ्यापासून टाळूपर्यंत चार-पाच इंच धरतात, आणि अण्णा रुमाल बांधतात. खिशातला रुमाल नव्हे. आमच्याकडं म्हातारी माणसं डोक्याला पांढरा पटका गुंडाळतात त्याला रुमाल म्हणतात. तो घरातसुद्धा उतरत नाही. पुस्तक लिहिणाऱ्यानं तो कधी बघितला नसावा. म्हणून मी रायझर आणखी चार बोटं चढवला होता, आणि त्याच तपासणीसाठी सलीमला टॉवेल बांधून बसवलं होतं. डोक्याचा हिशेब मी अगदी चोख केला. पायांचा केलाच नाही.

आता ही खोली कशासाठी चालली होती ते सांगते, म्हणजे माझी बेजारी कळेल.

पहिल्या भेटीत विलासरावांनी मला पडद्याची साइज विचारली नाही, स्पीकर किती ते विचारलं नाही. चहाचा कप बाजूला ठेवून ते म्हणाले, "म्याडम, आमची माय गेल्यापासून अण्णा एकटे पडलेत. हॉलमध्ये टीव्ही हाय की. पर अण्णा आले की ह्या दोघी उठतेत, पदर घेऊन आत जातेत. पोरं बी मग सटकतेत. अण्णा दोन मिनिटं उभे राहतेत अन् परत जातेत. आता तर येतच न्हाईत. दिवसभर पोर्चमध्ये बसायलेत. मला एकदा सगळे एका खोलीत बसून पिच्चर बघताना बघायचेत. अण्णा असताना. बाकी तुमी काय करायचं ते करा."

एवढा मोठा माणूस, बाजारात ज्याच्या शब्दाला किंमत, तो हे बोलताना खाली बघत होता. मला वाईट वाटलं. मी काम घेतलं. नसतं वाईट वाटलं तर बरं झालं असतं, असं पुढं बऱ्याचदा वाटलं.

तर पहिला प्लॅन असा होता. अण्णांचे गुडघे गेलेले, रायझरच्या पायऱ्या त्यांना झेपणार नाहीत, म्हणून ते पुढच्या रांगेत मधोमध. शेजारी विलासराव आणि नातवंडं. मागं रायझरवर दोन्ही सुना. म्हाताऱ्या माणसाला पुढची, मानाची जागा. सगळ्यांना पसंत होता. कागदावर सगळ्यांना सगळं पसंत असतं. म्हणूनच मी जागेवर खडूच्या रेघा मारून, खुर्च्या मांडून, माणसं बसवून बघते. सासऱ्यापेक्षा उंच बसायचं, ते एक. वर त्यांच्या डोक्याकडं पाय करून. सुमनताई त्या दिवशी एवढंच बोलल्या, "मी असं बसणार न्हाई. मला पिच्चर दिसायचाच न्हाई, सारखं अण्णाचं डोकंच दिसंल."

मी म्हटलं, ठीक आहे, उलटं करू. अण्णा रायझरवर, बाकीचे पुढं.

सलीमनं मंच पुन्हा मोकळा केला. तो परभणीचाच. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. म्हणाला, "म्याडम, ये टाकीज है या संगीत खुर्ची? आज आगे, कल पीछे."

"मंच पक्का केला का आपण?"

"नै."

"मग बोलू नको."

दुसऱ्या प्लॅनसाठी मी पायऱ्या लहान केल्या, बाजूला धरायला कठडा दाखवला. अण्णांना विलासराव हाताला धरून घेऊन आले. पहिली पायरी ते चढले. दुसरीवर गुडघा अडला. कठड्यावर दोन्ही हात ठेवून ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. सगळे बघत होते. ते म्हणाले, "राहू द्या, मग बगू," आणि उतरून पोर्चमध्ये गेले. मला इतकं कानकोंडं झालं की मी उगीच टेप उघडून भिंत मोजत बसले.

ते गेल्यावर रूपालीनं दुसरी गोष्ट काढली. ती स्पष्ट बोलते, वर्गावर बोलायची सवय. "म्याडम, ते वर चढले तरी आमी त्यांच्याकडं पाठ करून बसायचं का? अन् पाठीमागं सासरे बसलेत, आपल्याकडं बघायलेत का पडद्याकडं ते कळणार न्हाई. अशात हसायचं कसं? पाय पसरून बसायचं कसं?"

"मग पावशेर शेंगा घेऊन खात बसायची बी सोय न्हाई," सुमनताई म्हणाल्या.

विलासराव वैतागले. "आता काय अण्णाला छताला टांगू?"

मी वही बंद केली आणि परभणीला निघाले. पाथरी ते परभणी रस्ता नवा झालाय म्हणतात. झाला असेल. त्या दिवशी मानवतच्या अलीकडं एक उसाची ट्रॉली कलंडली होती, तिच्या मागं गाड्यांची रांग. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून विचार करत होते की, जगात लोक होम थिएटर कसं करत असतील? सोफा आणतात, बसतात. झालं.

घरी मिलिंदला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो बँकेत आहे. म्हणाला, "त्यांना सांग, एक खोली आणि दोन शो. एक अण्णांचा, एक सुनांचा." तो गंमत करत होता. मला गंमत सोसत नव्हती.

चार-आठ दिवसांनी विलासरावांचा फोन आला. आवाजात खुशी होती. "म्याडम, निघाला तोडगा! या तुमी."

मी गेले. तोडगा असा होता: रायझर काढूनच टाकायचा. अण्णांना जमिनीवरच, मागच्या भिंतीलगत, मोठा रिक्लायनर. विलासराव आणि भाऊ त्यांच्या बाजूला. आणि पुढं, पडद्यासमोर, खाली गादी टाकायची. लोड, तक्के, छान गालिचा. बायका आणि पोरं खाली बसतील.

"उंचीचा बी प्रश्न मिटला, पायाचा बी. मागच्याला समोरचं डोकं आडवं येत न्हाई. रायझरचं लाकूड बी वाचलं," विलासराव म्हणाले.

नियमानं बघितलं तर बरोबर होतं. पुढचे खाली बसले तर मागच्यांना रायझर लागतच नाही. दोरी ताणली असती तर ती सुनांच्या डोक्यावरून खुशाल गेली असती. मी रूपालीकडं बघितलं.

"म्हंजे आमी खालीच," ती म्हणाली. चिडून नाही. हजेरी घेतल्यासारखं म्हणाली.

आता इथं मला थोडं माझं सांगावं लागेल. माझे आजोबा पिंगळीकडं एका गावात सालगडी होते. मालकाच्या ओसरीवर त्यांना जागा नसायची. ओसरीच्या खाली, जिथं जोडे काढतात तिथं, उकिडवं बसून ते बोलायचे. धम्म घेतल्यावर त्यांनी तिथं बसणं सोडलं. काम असलं की जायचे, उभ्यानं बोलायचे आणि यायचे. "बस की रे," म्हटलं तरी बसायचे नाहीत. हे आमच्या घरात इतक्या वेळा सांगितलं गेलंय की, मला त्या ओसरीची उंची डोळ्यांपुढं दिसते. बसण्याची उंची किती असावी हे मी कॉलेजात शिकले ते नंतर.

सुनांचं आणि सालगड्याचं सारखं आहे असं मी म्हणत नाही. पण माझ्या हातून निघालेल्या नकाशात नोकरी करणारी बाई तिच्याच घरात जमिनीवर, आणि पुरुष गुबगुबीत रिक्लायनरमध्ये, हे मला काढवेना. मी म्हटलं, "हा प्लॅन मी करणार नाही."

विलासरावांना वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. "कामून? घरातल्याच बायका हायत. गादीवर बसायलेत, मातीत थोडंच?"

"मग गादीवर तुम्ही बसा. त्यांना खुर्च्या द्या."

"म्याडम, मोठ्यांचा मान असतो. तुमच्यात न्हाई का?"

तुमच्यात. त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. बोलण्याच्या ओघात आलं. पण रूपालीनं चटकन माझ्याकडं बघितलं. सलीमसुद्धा रंधा थांबवून बघायला लागला.

"आमच्यात कुणाला खाली बसवून कुणाचा मान होत नाही," मी म्हटलं.

विलासरावांचं तोंड उतरलं. "तसं न्हाई म्हणलो मी," ते म्हणाले. मी म्हटलं, मला माहीत आहे. दोघंही खरं बोलत होतो. शेवटी सुमनताई म्हणाल्या, "चहा टाकते," आणि आत गेल्या. मी ठरवलं की, चहा झाला की सांगायचं, दुसरा डिझायनर बघा. संभाजीनगरला खूप आहेत. खालीवर, मागंपुढं, जसं पाहिजे तसं करून देतील. मी थकले होते. खरंच थकले होते. रायझर ही काय रडायची गोष्ट आहे? पण मला रडू येत होतं.

ते कुणाला दिसू नये म्हणून मी बाहेर पोर्चमध्ये आले. तिथं अण्णा होते.

एका बाजूला त्यांची खुर्ची, काठी, पाण्याचा तांब्या. मला बघून त्यांनी आत हाक मारली, "एक खुर्ची आणा रे बाईला." खुर्ची आली. मी बसले.

"कुठल्या तुमी?"

"पिंगळीकडची."

त्यांनी मान हलवली. पुढचा प्रश्न असतो, कुणाच्या? त्याच्या तयारीत मी बसले होते. तो त्यांनी विचारला नाही. रस्त्याकडं बघत बसले. मग मीच विचारलं, "अण्णा, तुम्हाला कुठं बसायचंय?"

"कशात?"

"त्या पिच्चरच्या खोलीत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मला तर कुणी इचारलंच न्हाई."

खरं होतं. त्यांच्या रुमालाची उंची मी विचारली होती, गुडघ्याचं विचारलं होतं. त्यांना जिथं तिथं बसवून बघितलं होतं. हे एक राहिलं होतं.

"मी विचारतेय."

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी गेलो की उठतेत समदे. घरात वाघ शिरल्यावानी."

"तुम्ही सांगा ना, उठू नका म्हणून."

"सांगून बगितलं. सांगितलं की जास्तच उठतेत."

मला हसू आलं. ते हसले नाहीत.

"म्हातारी होती तवा बरं होतं," ते म्हणाले. "ती मला म्हणायची, तुमी जरा भाईर बसा, पोरींना बगू द्या. मी इतं येऊन बसायचो. आत त्या दोघी अन् म्हातारी, लय हसायच्या. मला इतं ऐकू यायचं. पिच्चर काय हाय मला काय करायचं? हसायलेत, बरं वाटायचं." मग म्हणाले, "आता मी इतं बसलो तरी हसत न्हाईत. म्हणतेत, अण्णा एकटे हायत भाईर, आपुन हसायचं बरं दिसत न्हाई."

दोन्ही बाजूंनी माया आणि दोन्ही बाजूंना सुनसान.

"मग खुर्ची कुठं टाकू?"

"कुठंबी टाका. फकस्त येताना मी कुणाला दिसू नये. दिसलो की उठतेत. त्यांचं बी बरोबर हाय, सवय हाय त्यांना. आंधार असला, मागून आलो, बसलो. बास."

हे ऐकून मी तडक आत गेले, चहा न घेता, आणि मागच्या भिंतीवर हात फिरवला. इतके दिवस मी खुर्च्यांची जागा शोधत होते. अडचण बसण्याची नव्हतीच, येण्याची होती. अण्णा एकदा नकळत बसले की पुढचं निभावण्यासारखं होतं. ते दारातून आत येतात ते पाच-दहा पावलं चालणं, तेवढंच सगळं बिघडवत होतं. आणि त्या खोलीला एकच दार होतं, पडद्याच्या बाजूला. तिथून आलेला माणूस सगळ्यांच्या तोंडासमोरून चालत जाणार.

मागच्या भिंतीच्या पलीकडं एक बोळ होता. अण्णांच्या खोलीपासून मागच्या अंगणापर्यंत. टोकाचं दार कायम बंद. बोळात पोरांच्या सायकली आणि खताची रिकामी पोती. मी तो मोजला. पुरेसा लांब होता.

मग सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं. रायझर ठेवायचा, फूटभर उंच. बोळात अण्णांच्या खोलीपासून हळूहळू चढत जाणारा उतार करायचा, म्हणजे रॅम्प. एक इंच चढायला फूटभर लांबी दिली की म्हाताऱ्या गुडघ्याला चढ जाणवत नाही. बाजूला धरायला दांडी. रॅम्प जिथं फूटभर उंच होतो तिथं भिंत फोडून दार. ते दार थेट रायझरवर उघडणार. पायरीच नाही. दारालगत अण्णांची खुर्ची, आणि रायझरवर बाकी फक्त पोरं, साध्या खुर्च्यांवर. पुढच्या रांगेत, खाली, रिक्लायनरमध्ये सगळी मोठी माणसं. दोन्ही सुनांसकट. मागचं डोकं कुणाच्या आड येत नाही, त्यामुळं रुमाल कितीही उंच असू दे. आणि वडीलधाऱ्याचे पाय लहानांकडं आले तर आपल्याकडं कुणी काही म्हणत नाही.

"नव्या घराची भिंत फोडायची?" विलासराव म्हणाले.

"हो."

"पर म्याडम, पाठ तर अण्णाकडंच होती की. अन् सासरे मागं येऊन बसले अन् ह्या उठल्या न्हाईत, तर..."

मी वहीतला नकाशा बघितला. नकाशात त्याचं उत्तर नसतं. तेव्हा दारातून सुमनताई म्हणाल्या, "दिसलेच न्हाईत तर उठायचं कशाला?"

विलासराव बायकोकडं बघत राहिले. रूपाली तोंडावर हात धरून हसायला लागली.

"आंधारात मागचं काय दिसतंय," सुमनताई म्हणाल्या. "आमाला काय माहीत कोण आलं." आणि कप गोळा करून निघून गेल्या.

भिंत फुटली. साउंड सिस्टीम बसवणारा संभाजीनगरचा इंजिनियर फोनवर माझ्यावर ओरडला. पडद्याच्या बरोबर समोर दार कोण काढतं? आवाज बाहेर जाणार, दार उघडलं की उजेड पडद्यावर पडणार, पुस्तकाप्रमाणे साफ चूक. मी म्हटलं, पुस्तकात रुमालही नाही. त्याला काही कळलं नाही. सलीमनं रॅम्पची फळी घासता घासता विचारलं, "अब तो नै बदलना ना?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "लिख के देव." मधे विटा उशिरा आल्या, रिक्लायनरचा रंग दुसराच आला, तो परत गेला. सगळ्या कामात होतं ते सगळं झालं. मला त्या खोलीचा इतका वीट आला होता की, शेवटचा गालिचा कुठल्या रंगाचा होता हे मी आता आठवून सांगू शकत नाही.

पहिला शो रविवारी दुपारी ठेवला. मलाही बोलावलं. मी कडेला, रिमोटपाशी. पुढच्या रांगेत विलासराव, सुमनताई, रूपाली. पुण्याचा धाकटा आला होता, तो. मागं रायझरवर पोरं, आणि दारालगत एक रिकामी खुर्ची. जुना विनोदी मराठी सिनेमा लावला. दिवे गेले. सुनांनी पाय वर घेतले. शेंगांचं भांडं फिरायला लागलं.

बराच वेळ काही नाही. मला वाटलं, नाही येत म्हातारा. इतकी भिंत फोडली, नाही येत.

मग पडद्याच्या कोपऱ्यात उजेडाची एक उभी रेघ पडली. इंजिनियर म्हणाला होता तशीच. रेघ रुंद झाली, तिच्यात एक सावली आली, रुमाल बांधलेली, आणि रेघ पुन्हा मिटली. सगळ्या खोलीनं बघितलं. सुमनताईंचा हात पदराकडं गेला, पदर डोक्यावर आला, आणि हात परत शेंगांच्या भांड्यात गेला. विलासराव मागं वळायला लागले. त्यांच्या गुडघ्यावर सुमनताईंनी हात दाबला. "मागं बगू नका," त्या पुटपुटल्या.

कुणी उठलं नाही.

पण कुणी हसलंही नाही. सिनेमात माणसं धडाधड पडत होती, एकमेकांच्या बायका ओळखत नव्हती, आणि पुढच्या रांगेत चार माणसं दगड होऊन बसली होती. पोरंसुद्धा गप्प. मला वाटलं, हेच करून ठेवलं आपण. आधी तो एकटा बाहेर होता, आता एकटा आत आहे.

तेवढ्यात मागून, अंधारातून, घोगरा आवाज आला. "आवाज वाढवा की जरा."

कुणाला उद्देशून नाही. नाव नाही. रूपालीनं मागं न बघता माझ्याकडं हात केला. मी रिमोट दिला. तिनं आवाज वाढवला. पडद्यावर कुणीतरी साडी नेसून पळत होतं, त्याचं टक्कल उघडं पडलं, आणि मागच्या खुर्चीतून एक खोकल्यासारखं हसू फुटलं. पहिल्यांदा वाटलं ठसका लागला. मग कळलं, म्हातारा हसतोय. आणि रूपालीचा बांध फुटला. तिच्या मागोमाग सुमनताई, पदर तोंडात कोंबून, खांदे हलवत. विलासराव हसत नव्हते. ते समोर बघत बसले होते आणि त्यांच्या गालांवर पडद्याचा उजेड ओला दिसत होता. मी मान फिरवली. माझंही तेच झालं होतं.

सिनेमा संपायच्या थोडं आधी पुन्हा रेघ पडली आणि मिटली. दिवे लावले तेव्हा खुर्ची रिकामी होती.

रूपाली बोळाच्या दाराशी गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "अण्णा, चहा टाकू का?"

त्यांच्या खोलीतून आवाज आला, "कामून, सपला का पिच्चर?"

"आत्ताच संपला. तुमी आला न्हाईत बगा."

"मला डोळा लागला होता," अण्णा म्हणाले.

निघताना मी रूपालीला म्हटलं, त्या दाराला आतून जाड पडदा लावून देते, म्हणजे उजेड येणार नाही. ती म्हणाली, "नको म्याडम. मग अण्णा आलेले कळायचं कसं?"

या धंद्यात मला बरीच वर्षं झाली. होम थिएटरचं काम आलं की अजूनही आधी वैतागच येतो. पण आता किती जण बसणार, हे मी नंतर विचारते. आधी विचारते, तुमच्याकडं कोण आल्यावर कोण उठतं?